अर्धशक्तीचा पुरुषार्थ

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या विकाराचा उद्रेक झाला. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. त्यांतील एकाचा मृत्यू सोलापुरात झाला आणि हे अपरिचित नाव जुळे सोलापूरच्या घराघरांत पोहोचले. पुढे वृत्तपत्रांतून तो विषय ओसरला. या विकारातून बहुसंख्य रुग्ण पुन्हा चालू लागतात हे खरे. परंतु काहींच्या हातापायांतील दुर्बलता व थकवा महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे टिकतो. स्नायुक्षय, मायस्थेनिया किंवा बालपणीच्या पोलिओचे उत्तरपरिणाम सोसणाऱ्यांचीही हीच कथा आहे. रुग्णालयातून घरी आल्यानंतर त्यांची खरी परीक्षा सुरू होते.

अशा रुग्णाला घरातून दोन उपदेश मिळतात. माऊलीचे हृदय म्हणते, ‘पडून राहा, त्रास करून घेऊ नकोस.’ आखाड्यात वाढलेले वडीलधारे म्हणतात, ‘जिद्द धर, घाम गाळ.’ दोन्ही उपदेश प्रेमापोटीच येतात आणि दोन्ही घातक ठरू शकतात. न वापरलेला स्नायू अधिकच क्षीण होतो, सांधे आखडतात. उलट, मायस्थेनियात वापरासरशी स्नायूंची शक्ती घटते आणि विश्रांतीने ती परत येते. सकाळी जिना चढणारा माणूस सायंकाळी पापणीही उचलू शकत नाही. त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. ड्यूशेन स्नायुक्षयात अतिश्रमाने दुबळे स्नायुतंतू अधिकच फाटतात. म्हणून आजचे वैद्यकशास्त्र सौम्य, नियमित आणि विश्रांतीने विभागलेल्या हालचालींचा सल्ला देते. व्यायामाचा थकवा किंवा वेदना दुसऱ्या दिवशीही उरली, तर मात्रा अधिक झाली असे समजावे.

हा विवेक आपल्या परंपरेला नवा नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त बलवान माणसानेही हिवाळ्यात व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि अन्य ऋतूंत तो आणखी सौम्य ठेवावा, असे सांगितले आहे. निरोग्याला जर ही मर्यादा, तर रुग्णाला ती किती आवश्यक! सोलापूरचा वैशाख ज्याने अनुभवला आहे, त्याला ऋतूची अट पटवून द्यावी लागणार नाही. मायस्थेनियासारख्या विकारांत उष्णतेने दुर्बलता वाढते. तेव्हा उन्हाळ्यात हालचाल सूर्योदयापूर्वीच आटोपलेली बरी.

मात्र परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. योगासने व प्राणायाम हे उपचाराचे साहाय्यक आहेत, पर्याय नव्हेत. अमुक आसनाने स्नायुक्षय मुळापासून बरा होतो, असे सांगून रुग्णाची औषधे बंद करवणारा माणूस योगाची सेवा करीत नाही, त्याची अप्रतिष्ठा करतो. श्वसनाचे स्नायू दुर्बळ असतील, तर प्राणायामही डॉक्टरांना विचारूनच करावा.

उरतो समाजाच्या कर्तव्याचा प्रश्न. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. स्नायुक्षय आणि दीर्घकालीन चेतासंस्थेचे विकार त्यांत आहेत. प्रमाणपत्राच्या रांगेत रुग्णाबरोबर उभे राहणे, मंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेणे, फिरण्याच्या वाटेवर शंभर-दोनशे पावलांवर एखादा बाक असावा यासाठी महापालिकेकडे पाठपुरावा करणे, ही कामे लहान वाटतील. पण त्या बाकाच्या आधारावरच एखादा रुग्ण घराबाहेर पडण्याचे धाडस करतो. आपल्या शाखेत, भजनी मंडळात, सोसायटीच्या योगवर्गात अर्धाच वेळ येणाऱ्यासाठी एक खुर्ची सन्मानाने राखून ठेवता येईल काय?

आपल्याकडे बलोपासनेला मोठा मान आहे. तो योग्यच आहे. परंतु पन्नास पावले चालून दम घेणारा आणि पुन्हा एक्कावन्नावे पाऊल टाकणारा माणूसही बलोपासकच आहे. समाजाचे सामर्थ्य त्याच्या सर्वांत वेगवान धावपटूवरून मोजले जाते, तसेच मंद चालणाऱ्यासाठी किती जण थांबले, यावरूनही मोजले गेले पाहिजे.