सुडौल देहाचा आग्रह कोणाचा?

अभिव्यक्तिवादी चित्रांतली माणसं इतकी बेढब का, असं मला अनेकदा विचारलं जातं. मी उलट विचारतो: माणूस सुडौलच दिसावा, हा आग्रह कोणाचा?

१९१५ साली जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनर यांनी स्वतःला सैनिकाच्या गणवेशात रंगवलं, उजवा हात तुटलेला. प्रत्यक्षात हात शाबूत होता. युद्धानं आतून जे तोडलं, ते त्यांनी देहावर दाखवलं. १९२८ मध्ये शुल्त्झे-नाउमबुर्ग या वंशवादी लेखकानं आपल्या पुस्तकात आधुनिक चित्रांशेजारी व्यंग असलेल्या माणसांचे फोटो छापले आणि ही कला हीन वंशाची खूण ठरवली. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला 'अधःपतित कला' म्हणून अशी चित्रं टिंगलीसाठी मांडली. त्यांत किर्शनरही होते. रक्ताची शुद्धता मोजणारेच सौंदर्याचं माप ठरवत होते.

शुद्धतेचं हे माप आपल्या ओळखीचं आहे. नागपूरचे सवी सावरकर गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य रंगवतात, तेव्हा तो देह देखणा कसा निघेल?

म्हणून मित्रांनो, अशा चित्रासमोर 'आपल्याला कला कळत नाही' म्हणत मागे सरू नका. हा देह कोणी वाकवला, एवढं विचारा. हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.