तोफेच्या तोंडी कोण आणि हुकूम कोणाचा?

युद्धपटांविषयी पुरोगामी वर्तुळांत एक ठरावीक तुच्छता आढळते. तोफांचा गडगडाट, वीरश्रीची गाणी आणि शेवटी फडकणारा झेंडा, एवढेच त्यांत असते असे म्हणून कार्यकर्ता मोकळा होतो. बहुसंख्य युद्धपटांबाबत हा आक्षेप रास्तच आहे. परंतु दरबारी कादंबऱ्या उदंड लिहिल्या गेल्या म्हणून ऐतिहासिक कादंबरीच त्याज्य ठरत नाही. युद्धपटालाही तोच न्याय लावला पाहिजे.

स्टॅनली कुब्रिक यांच्या १९५७ च्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. त्यामागे पहिल्या महायुद्धातील एक घटना आहे. १० मार्च १९१५ रोजी फ्रान्समधील सुआँ गावाजवळ एका थकलेल्या तुकडीने निष्फळ हल्ल्यासाठी खंदकाबाहेर पडण्याचे नाकारले. तेव्हा जनरलने आपल्याच खंदकांवर तोफा डागण्याचा हुकूम सोडला. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लेखी आदेशावाचून तो पाळला नाही. १७ मार्चला, इतरांना धाक बसावा म्हणून, चार कॉर्पोरलांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतील तेओफिल मोपा हा शाळामास्तर होता. त्याची पत्नी ब्लांश, तीही शिक्षिका, न्यायासाठी वर्षानुवर्षे झगडली. १९३४ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना निर्दोष ठरविले आणि नुकसानभरपाई दिली एक फ्रँक!

ही बातमी अमेरिकन वृत्तपत्रात वाचून हम्फ्री कॉब यांनी १९३५ मध्ये कादंबरी लिहिली. ते स्वतः कॅनडाच्या सैन्यातून त्या युद्धात लढले होते. त्याच कादंबरीवर पुढे चित्रपट निघाला. त्यात चौघांचे तिघे झाले, नावे बदलली, टेकडी कल्पित आली. तपशिलाच्या तराजूत तोलले तर हा दोषच. परंतु फसलेल्या हल्ल्याचे खापर शिपायाच्या माथी कसे फुटते आणि बढतीच्या हिशेबात त्याच्या प्राणाचे मोल काय, हे सत्य कल्पिताने अधिकच उघड केले. १९७५ पर्यंत हा चित्रपट फ्रान्समध्ये प्रदर्शित होऊ शकला नाही, ही त्याच्या सत्यतेची साक्षच होय.

मराठी लेखकाने यातून काय घ्यावे? त्याच महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. अपुऱ्या रसदीनिशी बगदादच्या दिशेने धाडलेले हे सैन्य माघार घेऊन कूत येथे वेढ्यात सापडले आणि जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत पडली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि बंदिवासात हजारो मेली. सेनापती टाउनशेंड यांची कैद मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सुखात गेली. ब्रिटिश चौकशी आयोगाने १९१७ मध्ये या मोहिमेतील अनास्थेवर बोट ठेवले. त्या अहवालात बड्यांची नावे आहेत. घाटावरच्या शेतकऱ्याच्या पोराचे नाव कोठे शोधावे?

ते शोधण्याचे काम ऐतिहासिक कथेचे आहे. पराक्रम नाकारण्याचे कारण नाही. शिपायाचे शौर्य खरेच असते. परंतु त्या शौर्याचा सौदा कोणी केला, हे विचारल्यावाचून लिहिलेली युद्धकथा ही भरतीची जाहिरातच ठरते. चांगला युद्धपट लेखकाला तो प्रश्न विचारण्याचे धैर्य देतो. कागदपत्रांचे आणि गावोगावच्या आठवणींचे कष्ट मात्र त्याचे त्यालाच उपसावे लागतील.