भेगा भरा, स्टिअरिंग फेकू नका!

जुनी गाडी हातात आली की आपल्या पिढीचा पहिला हल्ला कशावर होतो? इंजिनवर नाही, ब्रेकवर तर नाहीच नाही. स्टिअरिंगवर! कारण ते रीलमध्ये दिसतं, ऑनलाइन स्वस्तात मिळतं आणि चार-सहा बोल्ट आवळले की गाडी एकदम 'स्पोर्टी' वाटायला लागते. माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीचं मूळ स्टिअरिंग कितीही भेगाळलेलं असू दे, आधी ते दुरुस्त होतंय का बघा. बदलायचंच असेल तर का बदलतोय हे स्वतःला नीट सांगता आलं पाहिजे. 'भारी दिसतं' हे उत्तर कॉलेजच्या पार्किंगमध्ये चालतं, बोरघाटात चालत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे क्लासिक मसल कार आहेतच कुठे? बरोबर. मसल कार ही अमेरिकेतली साठच्या दशकातली कल्पना. मधल्या आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन कोंबायचं आणि सिग्नल सुटला की सुसाट. १९६४ ची पाँटियाक जीटीओ हे तिचं ठरलेलं उदाहरण, इंजिन ६.४ लिटरचं. आपल्या प्रीमिअर पद्मिनीचं १,०८९ सीसी, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. आपल्याकडे मसल्स होते, पण ते ड्रायव्हरच्या दंडात! पॉवर स्टिअरिंग नावाचा प्रकार पद्मिनीत नव्हता, गाडी वळायची ती माणसाच्या ताकदीवर. म्हणूनच कोणतं स्टिअरिंग लावायचं हा प्रश्न आपल्या गाडीत शोभेचा उरत नाही.

आणि ही गाडी परकी नाही बरं का. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला तिथं चक्क डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जायच्या, म्हणजे ज्या डॉजच्या नावानं आपण आज उसासे टाकतो ती कधीकाळी कुर्ल्याहून निघायची. मग फियाट आली, १९७४ च्या सुमारास तिचंच नाव पद्मिनी झालं. मोटारींच्या आधी वालचंदांच्या कंपनीनं बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचंही काम केलं होतं. म्हणजे खोपोलीवरून घाट चढणाऱ्या पद्मिनीचं या डोंगराशी नातं जुनंच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. गाड्या मात्र ज्यांनी घरात जपल्या त्यांच्याकडेच उरल्या.

अशीच एक माझ्या मामाकडे आहे, खोपोलीला. सत्तरच्या दशकातली फियाट, दर रविवारी धुतली जाते, महिन्यातून एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन येते. तिच्या स्टिअरिंगला सहा भेगा. दोन इतक्या रुंद, की बोट फिरवलं तर आतलं लोखंड लागतं. मामेभाऊ एसवायला आहे. त्यानं तेरा इंची, लाल टाक्यांचं, छिद्रंछिद्रं असलेल्या ॲल्युमिनियमचं स्टिअरिंग ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलंय. मामाचा विरोध आहे, पण त्याला कारण विचारलं तर तो नुसतं 'ते आपल्या गाडीचं नाही' एवढंच म्हणतो. या वादात मी मामाच्या बाजूनं आहे. फक्त कारणं जरा जास्त देते.

पहिलं कारण अकरावीच्या फिजिक्समधलं. नट सुटत नसला की आपण लांब पाना लावतो. तसंच स्टिअरिंगचं. चाक जितकं मोठं तितका हाताचा जोर कमी लागतो. सोळा इंची चाक जिथं दहा किलोच्या जोरानं वळतं, तिथं तेरा इंचीला सव्वाबारा किलोच्या वर जोर लागणार. हे मोकळ्या रस्त्यावर कळतही नाही. पण जुन्या हायवेनं खोपोलीवरून घाट चढताना, शिंगरोबाच्या देवळाकडे जाणाऱ्या वळणावर, पुढे ट्रक गोगलगायीसारखा चाललेला असतो. गाडी जवळजवळ थांबलेली आणि चाकं पूर्ण वळवायची. स्टिअरिंग सगळ्यात जड लागतं ते याच क्षणी. त्या काळच्या गाड्यांची स्टिअरिंगं परातीएवढी असायची ती इंजिनिअरला सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नाही.

शिवाय पद्मिनीचा गिअरचा दांडा जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या खाली आहे. स्टिअरिंगवरचा हात थोडा खाली सरकवला की दांडा हातात येतो. चाकाचा घेर कमी केला की हा अंदाज चुकतो. छोट्या चाकाची वरची कड अनेकदा मीटरच्याही आड येते. हॉर्नचं बटण मूळ जागेवरून हललं तर ऐन वेळी हात रिकाम्या जागी आपटतो. आणि घाटात हॉर्न म्हणजे काय, हे रायगडकरांना मी सांगायची गरज नाही.

मग भेगा झाकायला मऊ कव्हर चढवायचं का? हा मधला मार्ग मला सगळ्यात घातक वाटतो. सैल कव्हर कड्यावर गरकन फिरतं. तुम्ही वळता, कव्हर वळतं, गाडी सरळ! खाली भेग वाढतेय हेही कळत नाही. चामडंच हवं असेल तर सीटकव्हरवाल्याकडून मापात कापून, चिकटवून, हातानं टाके घालून घ्या. तेही आधी भेगा भरल्यावर.

नवीन स्टिअरिंग लावूच नये असं मी म्हणत नाही. काही वेळा लावावंच लागतं. कड्याच्या आतला लोखंडी गाभा गंजून खंगला असेल, अपघातात वाकला असेल, दांडे जिथं मधल्या हबला जोडलेत तिथं तडा असेल, किंवा हबच्या आतल्या खाचा झिजून चाक डगडगत असेल, तर भावनेला रजा द्यायची. असं चाक एम-सील लावून वाचवू नये. वरच्या प्लास्टिकची भेग म्हणजे रूपाचा प्रश्न, आतल्या लोखंडाची भेग म्हणजे जिवाचा.

अशा वेळी पहिली पसंती त्याच मॉडेलच्या दुसऱ्या जुन्या चाकाला. खोपोली लोकल पकडा, कुर्ल्याला उतरा आणि सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्ट्सच्या दुकानांत चौकशी करा. गाडी जन्मली त्याच उपनगरात तिचे अवयव शोधायचे! जाताना हबच्या खाचांचं माप आणि चाकाचा व्यास लिहून न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. फोटोत सगळी चाकं सारखीच दिसतात.

बाहेरचं ब्रँडेड चाक हवंच असेल तर इतिहास तरी माहीत असू दे. नार्दी हे नाव लाकडी कड्यांसाठी प्रसिद्ध, मोमो १९६४ मध्ये इटलीतच सुरू झाली, दोन्हींची मुळं रेसिंगमध्ये. आपल्याकडच्या ऑनलाइन बाजारात या नावांच्या नकला ढिगानं मिळतात. ज्या वस्तूला धरून आपण घाट उतरणार आहोत, ती नकली घ्यायची हा व्यवहार मला कळत नाही. स्टिकर नकली घ्या हवं तर. आणखी एक गंमत. लाकडी स्टिअरिंग म्हणजे अस्सल क्लासिक असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: १९६५ च्या फोर्ड मस्टँगमध्ये जादा पैसे मोजून मिळणारं 'लाकडी' स्टिअरिंग प्रत्यक्षात लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक होतं.

निवडताना आणखी एक बघा. अमेरिकेत १९६८ पासून धडकेत दबला जाणारा स्टिअरिंग कॉलम सक्तीचा झाला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत तो म्हणजे छातीकडे रोखलेला सरळ दांडाच. त्यामुळे मधोमध टोकदार बटण, कवटी, बाहेर आलेले बोल्ट असली चाकं जुन्या गाडीत अजिबात नकोत. आणि स्टिअरिंगवर खर्च करण्याआधी सीटबेल्ट बसवून घ्या. रीलमध्ये तो दिसत नाही, माहितीय मला.

आता मुख्य काम. भेगा पडतात कारण आतलं लोखंड आणि वरचं प्लास्टिक उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाही, थंडीत सारखं आकसत नाही. वर्षानुवर्षं हे ओढाताणीचं चाललं की प्लास्टिक हार मानतं, बहुतेक वेळा दांडा आणि कडं जिथं मिळतात तिथं. दुरुस्तीला लागतं काय? कानस, हॅक्सॉचं पातं, पॉलिश पेपर आणि दोन भाग एकत्र करून लावायचं इपॉक्सी. पाहिजे तर भांडी घासायची जुनी घासणी पण घ्या.

आधी बॅटरीची तार काढा, नाहीतर हॉर्न गल्ली जागी करेल. चाकं सरळ ठेवा. मधला नट काढण्यापूर्वी हब आणि शाफ्टवर एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे परत बसवताना चाक तिरकं बसणार नाही. निघत नसेल तर खालून हातोडा घालू नका, गॅरेजमधून पुलर आणा. हे काम येत नसेल तर मेकॅनिकलाच करू द्या, यात कमीपणा काही नाही.

मग धुणं. साबणाचं पाणी आणि घासणी घेऊन चाक निघेल तितकं साफ करा. चाळीस-पन्नास वर्षांच्या हातांचा घाम आणि तेल त्यात मुरलेलं असतं, पाणी काळं होतच राहतं. इथं कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया, कारण तेलकट जागेवर इपॉक्सी धरत नाही. वाळल्यावर प्रत्येक भेग आणखी मोठी करायची. हो, मोठी! पात्यानं दोन्ही बाजू तिरप्या कापून इंग्रजी 'व्ही' सारखी खाच करायची, ठिसूळ भाग निघून घट्ट प्लास्टिक लागेपर्यंत. इथं बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. मामा उठून आत गेला होता. पण केसाएवढ्या भेगेवर नुसता लेप लावला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात उडतो. आतलं लोखंड दिसलं तर गंज खरवडून काढा. मग इपॉक्सी दाबून भरा, पातळीपेक्षा थोडं वरपर्यंत, आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. नंतर कानस, मग ८० नंबरचा पेपर, १८०, ३२०, शेवटी ४०० नंबरचा पाण्यात भिजवून. डोळे मिटून बोट फिरवा. जोड कुठं आहे हे बोटाला कळलं, तर रंगानंतर डोळ्यालाही कळणार.

सामान काही शेकड्यांत येतं. महाग असतो तो वेळ, आणि सुट्टीत आपल्याकडे तोच तर असतो.

रंग मात्र पावसाळ्यात नको. जून ते सप्टेंबर आपल्या भागात हवेत जो ओलावा असतो, त्यानं चकचकीत लॅकरवर पांढुरकी साय धरते. शेजारच्या पेणचे मूर्तिकार ऐन पावसाळ्यात रंगकाम उरकतात हे खरं, पण त्यांचे पाण्यातले रंग वेगळे आणि गाडीचा रंग वेगळा. प्रायमर मारून थांबायचं.

कायद्याचं म्हणाल तर जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. त्यात मोठ्या बदलांबाबत चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. स्टिअरिंगच्या चाकाचं नाव नाही. म्हणजे मामेभावाचा मुद्दा कागदावर टिकतो, हे मान्य. पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि मामाला ती रोजची भाजी आणायला न्यायची असते, त्यामुळे तो फॉर्म अजून कोरा आहे. एअरबॅग असलेल्या नव्या गाडीचं स्टिअरिंग बदलणाऱ्यांसाठी वेगळा लेख लिहावा लागेल. तोवर एवढंच: नका करू.

मला सगळ्यात जास्त काय पटतं सांगू? सीट बदलल्या, रंग तीनदा मारला, इंजिनचं काम दोनदा झालं. गाडीत आजोबांचा हात जिथं रोज असायचा अशी एकच जागा शिल्लक आहे. डाव्या बाजूला, दहाच्या काट्यावर, कडं थोडं झिजून चपटं झालंय. भेगा भरताना ती जागा आम्ही मुद्दाम घासली नाही. मामेभावानंच सुचवलं हे, कार्टमधलं ते लाल टाक्यांचं चाक अजून त्यानं काढलेलं नसलं तरी.

सध्या स्टिअरिंग माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय, करडा प्रायमर मारलेलं. दसऱ्यानंतर रंग. पण कुठला, यावर घरात दोन तट आहेत. मामा म्हणतो मूळचं हस्तिदंती होतं. मामी म्हणते पांढरंच होतं, धुतलं कधी नाही म्हणून तसं दिसायचं.