साध्या नोंदीचें मोल

देशांतीलच माणसें निरपराध देशबांधवांचा घात करूं लागलीं, म्हणजे "सरकारनें एखादें नवें मोठें खातें उघडावें" असें आपण सहज बोलून जातों. आमच्या मतें खात्यांची उणीव क्वचितच असते. एका खात्यास कळलेली गोष्ट दुसऱ्यास वेळेवर कळत नाहीं, हीच खरी उणीव होय.

अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी या शहराचें उदाहरण घ्या. १९ एप्रिल १९९५ रोजीं सकाळीं तेथील मध्यवर्ती सरकारच्या कचेऱ्यांसमोर स्फोटकांनीं भरलेली लॉरी उडविण्यांत आली. १६८ माणसें प्राणास मुकलीं. त्यांत १९ बालकें होतीं. प्रथम अनेकांचा संशय परकीयांवर गेला. परंतु गुन्हेगार टिमोथी मॅकव्हे हा त्याच देशाचा, पूर्वीं सैन्यांत असलेला तरुण निघाला.

तो सांपडला कसा? स्फोटानंतर सुमारें दीड तासानें राज्याच्या एका पोलिसानें हमरस्त्यावर एक मोटार अडविली. कारण तिला नंबराची पाटी नव्हती. चालकाजवळ पिस्तूल आढळलें, म्हणून त्यास पेरी या गांवच्या तुरुंगांत ठेविलें. त्याचा खरा गुन्हा तेथें कोणासच ठाऊक नव्हता. इकडे लॉरीच्या मोडक्या आंसावरील क्रमांकावरून एफबीआय या मध्यवर्ती तपासखात्याचे अधिकारी, ती भाड्यानें देणाऱ्या कॅन्सस राज्यांतील दुकानीं पोंचले. जवळच्या मोटेलच्या वहींत संशयिताचें नांव मिळालें. तें देशव्यापी पोलीस नोंदींत शोधतांच पेरीचा पत्ता लागला. २१ एप्रिल रोजीं, तो जामिनावर सुटण्याच्या बेतांत असतांनाच, ओळखला गेला. पेरीची नोंद पेरीच्याच दप्तरांत पडून राहिली असती, तर एवढ्या मोठ्या खात्याच्या हातून तो त्या दिवशीं निसटला असता.

मात्र सहकार्य म्हणजे सर्व सत्ता एका मुठींत देणें नव्हे. आपल्या देशांत २०१२ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र स्थापण्याचें ठरविलें. त्यास झडतीचा व अटकेचाही अधिकार मिळणार होता. पोलीस हा राज्यांचा विषय, म्हणून अनेक राज्यांनीं हरकत घेतली आणि योजना अमलांत आली नाहीं. ती हरकत आम्हांस निराधार वाटत नाहीं. अटकेचा अधिकार ज्याचा त्याच्याकडे राहो; परंतु कळविण्याचें कर्तव्य सर्वांवर असावें, आणि जो कळविणार नाहीं त्यास जाब विचारतां यावा.

पालकांनीं सरकारपाशीं मागणी करावी ती हीच. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कोणी उद्यां पोलीस होईल, कोणी कारकून. नांव, तारीख व वेळ अचूक लिहिण्याची संवय मोठेपणीं हुकमानें लागत नाहीं. ती आजच्या वहींतच लागते.