मधपेटी दिली, पण पोळे सरळ बांधले गेले काय?

पेण तालुक्यातील जिते आणि त्याच्या आसपासची गावे भातशेतीची. पण बांधावर शेवगा, परसात नारळ व आंबा, आणि डोंगरउतारावर जांभूळ व करंज असल्यामुळे सातेरी माशीला येथे चारा दुर्मिळ नाही. तरीही कोकणात मधपेटी घेतलेल्या शेतकऱ्याच्या पडवीत काही दिवसांनी ती पेटी रिकामी पडलेली पुष्कळदा आढळते. माशीला दोष दिला जातो, पावसाला दिला जातो, शेतकऱ्याच्या आळसाला तर हमखास दिला जातो. आमच्या मते दोष बहुधा पहिल्या आठवड्यातील असतो. कोऱ्या चौकटी घालून पेटी बंद केली जाते आणि पुढचे काम माशीवर सोपविले जाते.

माशी आपले काम करतेच. परंतु ते आपल्या सोयीने नव्हे. झाडाच्या ढोलीत तिला चौकट ठाऊक नसते. वरच्या पट्टीखाली मेणाची खूण नसेल, तर ती पोळे तिरके लटकविते आणि एकाच पोळ्यात दोन-तीन चौकटी सांधल्या जातात. मग एक चौकट उचलावी तर शेजारचा पिलावा फाटतो, मध सांडतो व मुंग्या येतात. सातेरी माशी मुळातच घर सोडण्यास उतावीळ. ती उठून जाते. न गेली तरी पोळे कापून पिळण्यावाचून मध हाती येत नाही. असे पोळे पिळावयाचे असेल, तर पेटीवर पैसा कशासाठी घालावा?

अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली ओळखले की माशीच्या येण्याजाण्यापुरती ठराविक फट राखली, तर ती फट ती मेणाने भरीत नाही. उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी याच शोधावर उभी आहे. ही फट चुकली की पेटी म्हणजे नुसते खोके.

सातेरीसाठी एका चौकटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ३१ ते ३२ मिलीमीटर अंतर ठेवावे. युरोपीय मेलिफेरा माशी आकाराने मोठी; तिला सुमारे ३५ मिलीमीटर लागतात. गावच्या सुताराने मेलिफेराच्या पेटीवरून माप उचलले, तर सातेरीच्या दोन पोळ्यांत नको तेवढी जागा राहते व तेथे वेडीवाकडी पोळी जोडली जातात. अंतर फार कमी झाले, तर समोरासमोरच्या पोळ्यांवर माशांना काम करता येत नाही. वरची पट्टी २२ मिलीमीटर रुंद असेल, तर दोन पट्ट्यांमध्ये ९ ते १० मिलीमीटर फट उरेल. तेवढ्याच जाडीची बांबूची कामटी तासून खिशात ठेवावी. डोळ्यांच्या अंदाजावर आमचा विश्वास नाही.

आता मेणपत्र्याची पट्टी. सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी वरच्या पट्टीच्या मध्यावरील खोबणीत सरळ बसवून वितळलेल्या मेणाने पक्की करावी. मेणपत्रा सातेरीचाच हवा. मेलिफेराच्या मेणपत्र्यावरील घरांचे ठसे मोठे असतात. सातेरीची कामकरी माशी त्या मापाची नाही.

पट्टीऐवजी पुरा मेणपत्राच का देऊ नये, असे कोणी विचारील. देता आला तर अवश्य द्यावा. एक किलो मेण तयार करण्यास माशांचा ६ ते ८ किलो मध खर्ची पडतो असे सामान्यतः मानतात. तेवढी बचत होते, आणि नरांची घरेही कमी बांधली जातात. मधकोठीत तर पुरा पत्राच बरा, कारण मधयंत्रात कोवळे पोळे फुटते. परंतु पुरा पत्रा मिळेपर्यंत कोऱ्या चौकटींवर काम चालविणे आम्हांस मान्य नाही. एका पत्र्यातून कित्येक पट्ट्या निघतात.

पेटी पाणसळ लावून ठेवावी. माशी पोळे ओळंब्यात बांधते. पेटी बाजूला कलली असेल, तर पोळे चौकटीबाहेर जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाकण उघडून पाहावे. तेव्हा मेण मऊ असते. वाकडे वळलेले टोक बोटाने हलकेच सरळ करता येते. पंधरवड्यानंतर हेच काम सुरीने करावे लागते. नवी चौकट घालावयाची तर दोन सरळ पोळ्यांच्या मध्ये, फुलोऱ्याच्या दिवसांत, एका वेळी एकच घालावी.

ढोलीतून वसाहत आणताना पिलाव्याची पोळी वरची बाजू वरच ठेवून केळीच्या सोपटाने चौकटीस बांधावीत. तीच पुढील पोळ्यांना वळण देतात. ढोली कोठे आहेत हे ठाकूर व कातकरी बांधवांइतके कोणास ठाऊक नाही. त्यांना नुसते वाटाडे न समजता चौकट बांधण्यासही शिकवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एकच विनंती आहे. पेटी दिल्याची नोंद करताना तिच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: पट्ट्या लावल्या काय, आणि चौथ्या दिवशी झाकण उघडून पाहिले काय.