३५० सीसीची रेघ आणि इंजिनाचा श्वास

२२ सप्टेंबर २०२५ पासून बाइकच्या जीएसटीत एक जाड रेघ ओढली गेली आहे. ३५० सीसीपर्यंत २८ ऐवजी १८ टक्के, त्याच्या वर थेट ४० टक्के. आधी वरच्या गाड्यांना सेस धरून ३१ टक्के पडायचे, म्हणजे दोन गटांत फरक होता तो फक्त ३ टक्क्यांचा. आता तो २२ टक्क्यांचा झाला. करापूर्वी दोन लाखांची गाडी असेल तर कर ३६ हजार की ८० हजार, हे एकटा सीसी ठरवतो.

यामागचा हिशेब सरळ दिसतो: मोठं इंजिन, जास्त पॉवर, म्हणजे चैन. पण दोन गाड्या शेजारी ठेवून बघा. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी केटीएम २५० ड्यूक: २४९ सीसी, ९२५० आरपीएमला सुमारे ३१ हॉर्सपॉवर. रॉयल एनफिल्ड स्क्रॅम ४४०: ४४३ सीसी, ६२५० आरपीएमला सुमारे २५ हॉर्सपॉवर. जास्त पॉवरची गाडी १८ टक्क्यांत आणि कमी पॉवरची ४० टक्क्यांत! हे कसं काय?

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोटापाण्याला कोड लिहितो, त्यामुळे असं काही दिसलं की जुना किडा वळवळतो.

सीसी म्हणजे पिस्टन वरून खाली येताना सिलिंडरमध्ये मोकळी होणारी जागा. बादली केवढी आहे, एवढंच तो सांगतो. पॉवर ठरते ती प्रत्येक वेळी बादली किती भरते आणि मिनिटाला अशा किती बादल्या भरतात यावर. भरायची असते हवा. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल काय, इंजेक्टर हवं तेवढं ओतेल. गाडी अडते ती हवेपाशी.

ही हवा इनटेक पोर्टमधून, व्हॉल्व्हच्या कडेने आत शिरते. ९२५० आरपीएमला पिस्टन सव्वातीन मिलिसेकंदांत वरून खाली येतो. व्हॉल्व्ह थोडा आधी उघडतो आणि थोडा उशिरा मिटतो, तरी वेळ तेवढ्याच घरातला. ड्यूकला चार व्हॉल्व्ह आहेत, स्क्रॅमला दोन. चार व्हॉल्व्हमुळे हवेला शिरायला जास्त वाट मिळते.

कंपन्यांच्याच आकड्यांत हे दिसतं. स्क्रॅमचा कमाल टॉर्क ३४ एनएम, ४००० आरपीएमला. ६२५० च्या पॉवरवरून उलटं गणित केलं तर तिथे साधारण २९ एनएम उरतो. ड्यूकचा कमाल टॉर्क २५, आणि ९२५० लासुद्धा साडेतेवीसच्या आसपास. वर गेल्यावर स्क्रॅमला धाप लागते, ड्यूकला फारशी लागत नाही. कॉम्प्रेशन, कॅम, लिक्विड कूलिंग यांचाही वाटा आहेच, पण श्वास हा मोठा भाग.

मग सरळ पोर्टच मोठं का करू नये? नळाच्या पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून बघा. धार लांब जाते, पण बादली सावकाश भरते. अंगठा काढला की बादली पटकन भरते, धार मात्र मरते. इंजिनाला दोन्ही लागतं. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी वेगात आलेली हवा स्वतःच्या जोरावर आणखी थोडा वेळ आत घुसत राहते. पोर्ट फार मोठं असेल तर कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, हा फुकटचा भरणा मिळत नाही, उलट पिस्टन थोडी हवा परत ढकलतो. पेट्रोलही नीट मिसळत नाही. सिग्नलवरून निघताना गाडी मरगळते. पोर्ट लहान असेल तर खाली जोर मस्त, पण वर दम संपतो.

म्हणूनच 'पोर्ट-पॉलिश करून घे, गाडी उडेल' हा गॅरेजचा सल्ला मला पटत नाही. कॅम, एक्झॉस्ट, मॅपिंग तेच ठेवून नुसतं पोर्ट कोरलं तर रोज वापरतो त्या आरपीएमचा टॉर्क जातो आणि वरचा फायदा बहुतेकांना कधी भेटतच नाही.

स्क्रॅम 'वाईट' नाहीच. ४००० आरपीएमला ३४ एनएम म्हणजे घाटात मागे कुणी बसलेलं असताना गिअर न बदलता चढायची सोय. ड्यूकला तिचे २५ एनएम द्यायला ७२५० पर्यंत पिळावं लागतं. नवी करआकारणी नेमकी या निवांत, मोठ्या इंजिनावर बोजा टाकते. माझा अंदाज असा की कंपन्या आता ३५० च्या आत बसून श्वास वाढवण्यामागे लागतील: चार व्हॉल्व्ह, जास्त आरपीएम. ब्रोशरवर हॉर्सपॉवर छान दिसेल, ट्रॅफिकमध्ये गिअर जास्त बदलावे लागतील.

सीसी मोजायला सोपा आहे, हे मान्य. बोअर आणि स्ट्रोक सॉफ्टवेअरने बदलता येत नाहीत. पॉवर एका मॅपने कमी-जास्त होते. तरी युरोपात मधल्या वर्गाचं बाइक लायसन्स ३५ किलोवॅटच्या मर्यादेवर चालतं, सीसीवर नाही. आणि इलेक्ट्रिक बाइकला तर सीसीच नाही. तिच्यावर जीएसटी ५ टक्के, मोटर कितीही दणकट असो.

सध्या शोरूमला जाणार असाल तर ब्रोशरमध्ये टॉर्कच्या आकड्यापुढचा आरपीएम आधी बघा. तुम्ही रोज त्याच्या आसपास चालवता का, हे तुम्हालाच ठाऊक.