इंजिन नातवाचे, तारा आजोबांच्या

दसऱ्याला ट्रकच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू चिरडते आणि मालकाची खात्री पटते की, आता वर्षभर गाडीला कसली भीती नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चादरी-टॉवेलांच्या कारखान्यांपुढे उभ्या असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या ट्रकला अशी माळ पाहिली की मला कौतुक वाटते. माझे भांडण माळेशी नाही. माळेखाली काय दडले आहे, त्याच्याशी आहे.

जुन्या ट्रकमध्ये दुसरे इंजिन घातले की हौशी मंडळी नाक मुरडतात. म्हणे अस्सलपणा गेला! अहो, ट्रक म्हणजे काय देव्हाऱ्यातला टाक आहे? याच सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक रस्त्यावर आले. पेट्रोल पिणाऱ्या ट्रकांत पर्किन्सचे पी-६ डिझेल इंजिन बसविणे हा त्या पिढीचा जगभरचा रिवाज होता. मद्रासच्या सिंप्सन कंपनीने तर ती इंजिने इथेच बनविली. इंजिन बदलणे ही ट्रकची परंपराच आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नाशी उलटलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला, तोही दुचाकींना आणि मोटारींना. आयुष्यभर ओझे वाहिलेल्या ट्रकला त्या पंगतीत पाटच मांडला नाही!

तेव्हा इंजिन खुशाल बदला. परंतु ते उतरवून झाले की मालक हात झटकतो आणि म्हणतो, “वायरिंग आहे तेच चालवा.” येथे माझा राग सुरू होतो.

घरातल्या गृहिणीला विचारा, झीरोच्या दिव्याच्या तारेवर ती गीझर लावील का? पन्नाशीच्या सुरवातीच्या डॉज ट्रकात सहा व्होल्टची बॅटरी असे, तिचे धन टोक चासीला जोडलेले असे आणि डायनामो तीस-पस्तीस अँपिअर देई. हा सारा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून फिरून बॅटरीकडे जाई. नव्या इंजिनाबरोबर आलेला अल्टरनेटर साठ अँपिअर सहज देतो. त्याला जुन्याच वाटेने धाडले, तर सुती वेष्टणाची ती तार ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर तापते, आणि बहुधा तिच्या वाटेत फ्यूजही नसतो. धन-ऋणाची अदलाबदल विसरली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. ते एक परवडले, निदान गाडी जागेवरच राहते.

त्याहून लबाड खोड अर्थची. इंजिन रबरी गाद्यांवर बसते. चासीशी जोडणारी जाड पट्टी मिस्त्री विसरला, तर स्टार्टरचे शेकडो अँपिअर दुसरी वाट शोधतात. कधी ती वाट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाते, आणि केबल लाल होते! आणि काटे? जुना तापमापी काटा नव्या इंजिनाच्या सेन्सरशी जुळला नाही, तर तुळजापूरच्या घाटात पाणी उकळत असताना काटा मात्र शांतपणे सांगतो, सर्व ठीक आहे.

इंजिन बदलले की परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, नोंदपुस्तकात नवा क्रमांक चढतो. हे योग्यच. पण त्या पुस्तकात तारांसाठी रकाना नाही. जे कागदावर नाही ते मालकाच्या हिशेबात नाही.

गंमत अशी की, हाच मालक आपल्या मागावर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसविताना आधी अर्थिंग तपासून घेतो. एका झटक्यात लाखांचे यंत्र जाईल, ही धास्ती असते. ट्रकच्या केबिनमध्ये रात्री माणूस झोपतो, त्याची किंमत मात्र जॅकार्डच्या पावतीत बसत नाही.

तेव्हा इंजिनाचा सौदा ठरतो त्याच दिवशी वायरमनला बोलवा. बॅटरी, स्टार्टर, दिवे, काटे सारे एकाच व्होल्टचे करा; अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार फ्यूजसह सरळ न्या; अ‍ॅमीटर काढून व्होल्टमीटर लावा. आणि ड्रायव्हरदादा, किल्ली घेण्यापूर्वी तुम्ही बॉनेट उघडून बघा. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये ती पट्टी दिसली नाही, तर किल्ली मालकाच्या हातात परत द्या.